तापवल्यावर फिल्मचा ‘आठ’ फिरतो किंवा फुगतो: आधी भट्टी तपासा

काचेवर चढवलेला चुंबकीय धातूचा पातळ थर म्हणजे फिल्म, आणि तिचं चुंबकन ज्या रेषेत सहज बसतं तो तिचा ईझी ॲक्सिस. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची घाई सुरू झाली की फिल्म तापवणाऱ्यांची ही तक्रार येतेच. "सर, फिल्म चढवली तेव्हा ईझी ॲक्सिस बरोबर होता. २५० अंशांवर तासभर ठेवली, बाहेर काढली, तर नव्वद अंशांनी फिरलाय." दुसऱ्याचा फिरत नाही, नुसताच पुसट होतो. तिसऱ्याचा जागचा हलत नाही आणि तो बिचारा उगाच खूश असतो. तिघांच्या फिल्म एकाच बॅचच्या, काचा एकाच पाकिटातल्या, भट्टी तीच, तापमान तेच.

लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत हा घोळ तीन वर्षं चालला. आम्ही परमॅलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या टार्गेटवर, म्हणजे ज्या तुकड्यातून फिल्म चढते त्यावर, संशय घेतला, काचा धुण्याच्या पद्धतीवर घेतला, एका मुलाच्या हातगुणावरसुद्धा घेतला. दोष निघाला भट्टीत, आणि तोही तापमानात नाही.

आधी आलेख काय सांगतो ते बघा

आमच्याकडे कर (Kerr) परिणामावर, म्हणजे चुंबकित पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवण किंचित वळतं यावर, चालणारं घरीच जुळवलेलं यंत्र आहे: लाल लेसर, दोन पोलरायझर, फोटोडायोड आणि हेल्महोल्ट्झ कॉइल. नमुना दहा-दहा अंशांनी फिरवायचा, प्रत्येक कोनाला लूप (क्षेत्र पुढे-मागे करताना चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख) घ्यायचा आणि क्षेत्र काढल्यावर उरलेलं चुंबकन भागिले संपृक्त चुंबकन हे गुणोत्तर ध्रुवीय आलेखावर मांडायचं. एकाच दिशेची चांगली ॲनिसोट्रॉपी, म्हणजे चुंबकनाची एका रेषेकडे ओढ, असेल तर इंग्रजी आठासारखी आकृती येते, कंबर बारीक. आठाची लांबी ज्या रेषेत, तो ईझी ॲक्सिस.

तापवल्यावर (ॲनीलिंगनंतर) या आठाचं तीनपैकी एक काहीतरी होतं. तो आकार टिकवून फिरतो, किंवा कंबर सुटून गोल व्हायला लागतो, किंवा आकृती ठीक राहते पण लूपच एका बाजूला सरकतो. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. "ॲनीलिंगमुळे ॲनिसोट्रॉपी बिघडली" असं एकच वाक्य वहीत लिहून मोकळं होऊ नका. त्या वाक्यावरून पुढे काहीच तपासता येत नाही.

त्याआधी एक खुळचट वाटणारी गोष्ट. काचेच्या मागच्या बाजूला, एका कोपऱ्यात, हिऱ्याच्या टोकाने ईझी ॲक्सिसच्या रेषेचा बाण कोरलेला आहे ना? मार्करची शाई २५० अंशांवर उडून जाते. चौकोनी काच बाहेर काढताना नव्वद अंशांनी फिरली तर कोणालाही कळत नाही. पहिल्या वर्षी आलेल्या फिरलेल्या आठांपैकी निदान दोन असेच चिमट्याने फिरवलेले होते.

आठ फिरला असेल तर: भट्टीची कॉइल

परमॅलॉय, म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड, फार मऊ स्वभावाचं. सरळ चढवलेल्या फिल्मचं ॲनिसोट्रॉपी क्षेत्र असतं ५ ओरस्टेडच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास. म्हणजे ईझी ॲक्सिसच्या आडव्या दिशेला चुंबकन वळवून धरायला एवढंच क्षेत्र पुरतं. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ०.४ ओरस्टेड, तेव्हा ते सोडून द्या.

आता भट्टीकडे बघा. नळीची भट्टी म्हणजे सिरॅमिकच्या नळीवर गुंडाळलेली नायक्रोमची तार. पण नळीवर गुंडाळलेली तार म्हणजेच सोलेनॉइड, प्रवाह गेला की आत चुंबकीय क्षेत्र तयार करणारी कॉइल! आमच्या भट्टीत ३० सेंटिमीटर लांबीत १०० वेढे आहेत आणि तापताना ६ ॲम्पियर प्रवाह जातो. मीटरला ३३३ वेढे गुणिले ६, म्हणजे सुमारे २,००० ॲम्पियर प्रति मीटर, म्हणजे २५ ओरस्टेड. शिखरावर ३५. नळीच्या बरोबर मध्यभागी, जिथे आपण फिल्म ठेवतो तिथे, आणि दिशा नळीच्या लांबीची.

इथे सगळे एकच आक्षेप घेतात, मीही घेतला होता. "पण हा तर ५० हर्ट्झचा एसी आहे, सरासरी शून्य." सरासरी शून्य, हे खरं. पण परमॅलॉयमध्ये उष्णतेने जे नोंदलं जातं त्याला पुढे-मागे कळतच नाही. २५० अंशांच्या आसपास अणूंना जागा बदलण्याइतकी मोकळीक मिळते आणि एकसारख्या अणूंच्या जोड्या चुंबकनाच्या रेषेकडे किंचित जास्त झुकतात. हे दिशिक क्रमाचं स्पष्टीकरण १९५० च्या दशकात नील आणि तानिगुची या भौतिकशास्त्रज्ञांनी दिलं. जोडीला शेपूट-डोकं नसतं. तिला फक्त रेषा कळते. चुंबकन सेकंदाला शंभर वेळा उलटलं तरी ते नळीच्याच रेषेत उलटतंय, म्हणून तासाभरात ईझी ॲक्सिस नळीच्या रेषेत येऊन बसतो.

आता तिघांचं कोडं सुटतं. ज्याने बोटीत (नळीत सरकवायच्या लांबट भांड्यात) फिल्म ठेवताना बाण नळीच्या आडवा ठेवला, त्याचा आठ फिरला. ज्याने नळीच्या रेषेत ठेवला त्याचा तिथेच राहिला, उलट जरा सुधारलासुद्धा. ज्याने तिरपा ठेवला त्याचा अर्धवट वळला आणि कंबर फुगली. बोटीत नमुना कसा ठेवला हे तिघांपैकी एकानेही वहीत लिहिलं नव्हतं.

(आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो त्याचीही अशीच गोष्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा गार होताना त्यातल्या मॅग्नेटाइटने तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडून ठेवली. त्यावरूनच भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे ओळखता आलं. वेरूळच्या लेण्याला पाठ टेकून बसलात तर ती नोंद पाठीला लागते. फरक इतकाच की खडकाला उत्तर-दक्षिण कळते, आपल्या परमॅलॉयला नुसती रेषा.)

पटत नसेल तर मोजा

हे माझ्या शब्दावर मानू नका. इनॅमलची बारीक तार घ्या, एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या खोक्यावर १०० वेढे द्या, दोन्ही टोकं पिळून मल्टिमीटरला जोडा आणि मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा. भट्टी पूर्ण गार असताना ही कॉइल नळीच्या मध्यभागी सरकवा, तोंड नळीच्या रेषेत. आता हीटर चालू करा. २५ ओरस्टेड असेल तर सुमारे ८ मिलिव्होल्ट दिसतात. कॉइल आडवी केली की आकडा जवळजवळ शून्यावर येतो. मिनिटाभरात बाहेर काढा, नाहीतर इनॅमल जळून खोलीभर वास सुटेल आणि शिपाईमामा दार उघडून विचारतील, काय जळतंय.

आम्ही हे केलं तेव्हा मीटरवर ७.६ आला. तीन वर्षांचा घोळ, आणि उत्तर पंधरा मिनिटांत.

उपाय, स्वस्तापासून

फुकटातला उपाय म्हणजे फिल्म झोपवू नका, उभी करा. काचेचा पृष्ठभाग नळीच्या तोंडाकडे येईल अशी, क्वार्ट्झच्या खाचेत. मग कॉइलचं क्षेत्र फिल्मच्या प्रतलाला लंब येतं. परमॅलॉयचं चुंबकन प्रतलाबाहेर उचलायला सुमारे १०,००० ओरस्टेड लागतात, तेव्हा त्या बिचाऱ्या २५ ला कोण विचारतो! प्रतलात उरतं ते कॉइलच्या वाकडेपणातून आलेलं थोडंफार.

पण क्षेत्र काढून टाकलं म्हणजे काम झालं असं समजू नका. अजिबात क्षेत्र नसताना तापवलेली फिल्म डोमेनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या दिशेच्या चुंबकनाच्या तुकड्यांमध्ये, विभागली जाते आणि प्रत्येक डोमेन आपापल्या जागी आपापली रेषा लिहून ठेवतो. आठ फिरत नाही, पण कंबर सुटते. म्हणून तुम्हाला हवं ते क्षेत्र मुद्दाम द्यायला हवं.

त्यासाठी आधी आम्ही निओडिमियमचे चुंबक नळीत फिल्मच्या शेजारी ठेवले होते. मोठी चूक. साध्या ग्रेडचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपर्यंतच वापरायचे असतात. ३१० अंशांच्या थोडं वर तर त्यांचं क्युरी तापमानच येतं, ज्याच्या पुढे चुंबकत्व उरत नाही. २५० अंशांवर पहिल्या दहा मिनिटांत त्यांची ताकद गेली आणि पुढचा तासभर आम्ही दोन चकचकीत ठोकळ्यांमध्ये फिल्म भाजत बसलो. समॅरियम-कोबाल्टचे चालतात, पण ते महाग आणि मिळायला उशीर.

शेवटी जुन्या स्पीकरचे फेराइटचे दोन गोल चुंबक घेतले, भंगारातून. भट्टीच्या बाहेर, दोन बाजूंना, मध्यापासून १२-१२ सेंटिमीटरवर, विरुद्ध ध्रुव समोरासमोर. मध्यभागी ६० ओरस्टेडच्या आसपास मिळालं, परमॅलॉयला भरपूर. बाहेरच्या पत्र्याला हात लावता येतो म्हणजे फेराइटलाही तिथे धोका नाही. मात्र पत्रा लोखंडी असेल तर तोच सगळं क्षेत्र पिऊन टाकतो. आमचा ॲल्युमिनियमचा होता, हे नशीब.

विजेच्या चुंबकाऐवजी कायम चुंबकाचा मी आग्रह धरतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लाइट गेली की विजेचा चुंबक मेला, पण भट्टी २५० अंशांवरच आहे. ती गार व्हायला दीड तास घेते. त्या दीड तासात फिल्म बिनक्षेत्राची भाजते, आणि तासभर कमावलेलं त्यात विस्कटतं. यूपीएस संगणकाला लावलेला असतो, चुंबकाला कोणी लावत नाही. वहीत ‘लाइट गेली’ ही नोंद वेळेसकट लिहा. नंतर एखादा वेडावाकडा आठ दिसला की ती नोंदच कामाला येते.

पक्का उपाय म्हणजे हीटर दुहेरी गुंडाळून घेणं: तार मधोमध दुमडायची आणि दोन्ही पदर शेजारी-शेजारी गुंडाळायचे, म्हणजे जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र खोडतात. हे काम करायला आम्ही गेलो ते विहिरीच्या सबमर्सिबल मोटारी भरणाऱ्या वाइंडरकडे. भर सीझनमध्ये त्याच्या दुकानात जळालेल्या मोटारींची रांग लागलेली. मी फळ्यावर शिकवावं तसं सोलेनॉइड समजावायला लागलो, तर तो तारेचं भेंडोळं हातात घेऊनच म्हणाला, "म्हंजे सर, तुम्हाला चुंबक नको, नुसता ताप पाहिजे. मग वायर दुमडूनच घेतो की." त्यानेच पुढे एक गोष्ट दाखवून दिली जी माझ्या डोक्यात आली नव्हती: दुमडलेल्या तारेच्या सुट्या टोकांपाशी शेजारच्या दोन पदरांत पूर्ण २३० व्होल्टचा फरक पडतो, आणि सिरॅमिक लाल झालं की त्यातून गळती होते. म्हणून खाचा पाडलेली नळी घेतली आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला. मागची ८ मिलिव्होल्टची कॉइल पुन्हा घातली तेव्हा मीटरवर ०.३ होता.

आठ फिरला नाही, फुगला: तिरक्या फिल्मची गोष्ट

काही विद्यार्थी कोबाल्ट किंवा लोखंड तिरकं चढवतात, बाष्प लंबापासून ६० अंशांच्या कोनातून येईल असं. तिथे ॲनिसोट्रॉपी अणूंच्या जोड्यांतून येत नाही, बांधणीतून येते. आधी उभे राहिलेले कण मागच्यांवर सावली धरतात, त्यामुळे बाष्पाच्या दिशेत फटी राहतात आणि आडव्या दिशेत कण एकमेकांना चिकटून नॅनोमीटरच्या भिंती होतात. स्तंभ बाष्पाकडे झुकतात, पण बाष्पाइतके नाही. एक ठोकताळा आहे: आपतन कोनाचा टॅन्जंट हा स्तंभाच्या कोनाच्या टॅन्जंटच्या दुप्पट. म्हणजे ६० अंशांच्या बाष्पाला स्तंभ येतात ४१ अंशांवर. ईझी ॲक्सिस या भिंतींच्या रेषेत असतो, म्हणजे बाष्पाच्या दिशेला आडवा. खूपच तिरकं, ७५-८० अंशांच्या पुढे गेलात तर स्तंभांचा स्वतःचा लांबटपणा वरचढ होतो आणि अक्ष बाष्पाच्या दिशेकडे वळतो, हेही लक्षात असू द्या. उष्णतेशी त्याचा संबंध नाही.

अशी फिल्म तापवली की कण वाढतात, फटी बुजतात, भिंती एकमेकींना मिळतात. आकारातून आलेली ॲनिसोट्रॉपी ओसरते. आठ जागेवरच राहतो पण दर पन्नास अंशांगणिक त्याची कंबर रुंदावत जाते आणि शेवटी वर्तुळ उरतं. हे परत येत नाही. कोणतंही क्षेत्र लावा, बुजलेली फट उघडत नाही. क्वचित असंही होतं की आकाराचा जोर संपला आणि मागे उरलेल्या जरा जरा ॲनिसोट्रॉपीला भट्टीच्या कॉइलने आपल्या रेषेत ओढलं. मग फुगलेला आठ फिरलेलाही दिसतो. विद्यार्थी दोन्ही गोष्टी एकाच कारणाला चिकटवतो, आणि प्रबंधात ते तसंच छापलं जातं.

फटी बुजल्या की नाही हे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा, नमुना बाहेर पाठवावा लागतो, महिना जातो. त्याआधी साधं काम करा. फिल्मचा रोध दोन दिशांना मोजा, एकदा भिंतींच्या रेषेत आणि एकदा आडवा. फटी असतील तर आडवा रोध जास्त येतो. तापवल्यावर गुणोत्तर एककडे सरकलं म्हणजे फटी बुजल्या. यासाठी लागतो मल्टिमीटर, करंट सोर्स आणि चार टोकं.

कोबाल्टवाल्यांसाठी आणखी एक. तापमान चढवत-चढवत जर गरम असतानाच लूप घेत असाल तर गार झाल्यावर परत घ्या, आणि दोन्हींची सरमिसळ करू नका. षट्कोनी कोबाल्टचा ईझी ॲक्सिस सुमारे २५० अंशांच्या पुढे आपल्या अक्षापासून सरकायला लागतो, आणि गार झाला की परत येतो. हा धातूचा स्वभाव आहे, बिघाड नाही. ४२० अंशांच्या आसपास त्याची रचनाच बदलते, आणि फिल्ममध्ये ती गार होताना पूर्ण परतेलच असं नाही.

लूप सरकला असेल तर

आधी नमुना १८० अंश फिरवा आणि पुन्हा लूप घ्या. सरकणं तसंच त्याच बाजूला राहिलं तर दोष मोजणीचा आहे: लोखंडी ध्रुवांचा विद्युतचुंबक वापरत असाल तर त्या ध्रुवांत उरलेलं चुंबकत्व. मऊ फिल्मला तेवढं पुष्कळ होतं. सरकणं बाजू बदलत असेल तर ते खरं आहे, फिल्ममध्येच आहे, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ऑक्साइड.

निकेलचं ऑक्साइड प्रतिलोहचुंबकीय (अँटिफेरोमॅग्नेटिक) क्रमाचं असतं, म्हणजे शेजारचे अणू एकमेकांविरुद्ध तोंड करून, आणि त्याचं नील तापमान, ज्याच्या पुढे हा क्रम मोडतो ते, २५० अंशांच्या वर, म्हणून खोलीच्या तापमानालाही ते खालच्या धातूला एका बाजूला धरून ठेवतं. कोबाल्टच्या ऑक्साइडचं नील तापमान मात्र १८ अंश. मिकलजॉन आणि बीन या संशोधकांनी १९५६ मध्ये हा परिणाम पहिल्यांदा ज्या कोबाल्ट-ऑक्साइडच्या कणांवर दाखवला, तोच परिणाम लातूरच्या मे महिन्यात खोलीत बसून दिसणार नाही. कोबाल्टचा लूप सरकलेला दिसला तर पुन्हा यंत्राकडेच बघा.

ऑक्साइड येतो कुठून? भट्टीतल्या अपुऱ्या निर्वातातून. १० चा उणे सहावा घात टॉर (दाबाचं एकक) इतक्या दाबालासुद्धा साधारण सेकंदाभरात पृष्ठभागावर वायूचा एक थर बसू शकतो. निर्वात करणारा, तेलाच्या वाफेवर चालणारा आमचा डिफ्युजन पंप उन्हाळ्यात त्याच्याही दहापट वाईट दाबावर अडकायचा, कारण त्याला गार करणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं. मे महिन्यात दुपारी दोनला त्या टाकीच्या पाण्याने चहा जरी झाला नाही तरी अंघोळ नक्की होते. पंपाचं तेल नीट घनरूप होत नाही, वाफ मागे भट्टीत येते. आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात पंपाचं पाणी नळातून सोडून देणं कोणालाच पटणार नाही. आम्ही जमिनीखालच्या हौदातलं पाणी फिरवायला लागलो, तेच पाणी परत हौदात. दाब सुधारला. ॲनीलिंग शक्यतो पहाटे. वर ५ नॅनोमीटर टँटॅलम चढवता आलं तर फारच उत्तम.

सिलिकॉनवर निकेल चढवून तापवणाऱ्यांनी एवढंच बघावं: मध्ये ऑक्साइडचा जाड थर नसेल तर २५० अंशांच्या आसपास सिलिसाइड (निकेल-सिलिकॉनचं संयुग) व्हायला लागतं आणि लूपची उंचीच घटते. तिथे दिशा शोधत बसण्यात अर्थ नाही, चुंबकच कमी झालाय.

बिघडलेल्या फिल्म फेकू नका

सरळ चढवलेल्या परमॅलॉयचा फिरलेला अक्ष पुन्हा लिहिता येतो. बाण हव्या त्या रेषेत, फिल्म उभी, बाजूला स्पीकरचे चुंबक, २५० अंश, तासभर, आणि गार होऊन ६० अंशांखाली येईपर्यंत चुंबक हलवायचे नाहीत. हीटर दुहेरी गुंडाळून आला त्या आठवड्यात आम्ही तीन वर्षांच्या जुन्या फिल्म कपाटातून काढल्या. बाण असलेल्या अकरा सापडल्या. नऊ जणींचा आठ बाणाच्या रेषेत परत आला, कंबर पहिल्यापेक्षा बारीक. उरलेल्या दोन तिरक्या चढवलेल्या होत्या. त्यांचा आडव्या-उभ्या रोधाचा भागाकार १.०२ आला, आणि त्या आता नवीन मुलांना बुजलेली फट कशी ओळखायची हे दाखवायला ठेवल्या आहेत.